शेवटच्या पानावरचा समुद्र

मारतहळ्ळी, बेंगळूर
रविवार, ३ तारीख

प्रिय शिरू,

पाकिटावर माझं अक्षर बघून तू घाबरशील, म्हणून पहिल्याच ओळीत सांगते, सगळे खुशाल आहेत. कुणी आजारी नाही, कुणी गेलं नाही. कागदावर लिहितेय ते एवढ्याचसाठी की फोनवर तू मला तीन वाक्यांपुढे जाऊ देत नाहीस. बरी आहेस ना, भावोजी बरे ना, ठेवू का. भाऊबीजेला एक वाक्य जास्त, सणाचं म्हणून. इथे तुला मध्ये तोंड घालता येणार नाही. तेव्हा शाळेतून आलास की हातपाय धू, चहा घे आणि निवांत बस. पानं बरीच आहेत.

तुझा मेसेज आल्यापासून माझा जीव थाऱ्यावर नाही. ‘अकराव्या लाटेचं गाव’च्या तीनशे प्रती प्रकाशकाकडे पडून आहेत, पंधरा तारखेला त्याला गोदाम रिकामं करायचंय, आणि तू त्याला रद्दीत घाला म्हणून सांगून मोकळा झालास. वर दुसऱ्या भागाची अर्धी लिहिलेली वही माळ्यावर फेकलीस म्हणे. वेंगुर्ल्याच्या शाळेत गणित शिकवता शिकवता आठ वर्षं तू त्या एका पुस्तकाला दिलीस, आणि निकाल लावलास तो कशावरून? तर एका मासिकाच्या वाचकपत्रांत छापून आलेल्या चार ओळींवरून. त्या कात्रणाचा फोटो तू मला तीनदा पाठवलास. तोंडपाठ आहे मला. ‘शब्द सुंदर आहेत, पण मुलांना यातलं काही कळणार नाही. शेवटच्या पानावर मूल समुद्राला एक साधा प्रश्न विचारतं, आणि लेखक उत्तर द्यायचं सोडून त्याच्या अंगावर पाऊस पाडतो. लेखकाला मुलं माहीत नाहीत, त्याला फक्त स्वतःचं बालपण माहीत आहे.’ खाली सही, एक वाचक. तू लिहितोस, हा माणूस खरं बोलतोय अक्का. अरे, पण त्या बाईने किती मुलांना विचारलं होतं? एकालाही नाही. पुस्तक मुलांचं, आणि मत कुणाचं, तर पाय वर घेऊन खुर्चीत बसलेल्या चष्मेवाल्या मोठ्या माणसाचं!

सरी, आता मुद्द्यावर येते. मी मुलांना विचारलं.

गेल्या वर्षी कारखान्यातून निवृत्त झाले, तेव्हापासून दर शनिवारी दुपारी मी व्हाइटफील्डला जाते हे तुला माहीत आहे. कशाला जाते ते तू कधी विचारलं नाहीस. तिथल्या एका मोठ्या सोसायटीत पंधरा-वीस मराठी घरं आहेत, पुण्या-मुंबईकडची, बहुतेक सगळी आयटीवाली. त्यातल्या अमृताच्या एक दिवस लक्षात आलं की आपला अर्णव मराठीत फक्त ‘भूक लागली’ आणि ‘वायफाय गेलं’ एवढंच बोलतो. मग तिथल्या क्लबहाऊसमध्ये टेबल टेनिसच्या टेबलामागे एक सतरंजी पडली आणि मी गोष्टीवाली अज्जी झाले. आजी म्हणा रे, असं मी पहिले दोन शनिवार घसा फोडून सांगितलं, पण त्यांच्या ओळखीच्या सगळ्या म्हाताऱ्या अज्जी, त्यामुळे मीही अज्जी. नऊ मुलं येतात. सहा महिने मी त्यांना काय काय वाचून दाखवलं, तुझं पुस्तक मात्र नाही. अमृताने दोनदा विचारलंही, प्रेमाताई, तुमच्या भावाचं पुस्तक आहे ना म्हणे? मी दोन्ही वेळा तिला बस निघून जाईल म्हणून सांगितलं आणि सटकले. तुझा मेसेज आला त्या आठवड्यात मात्र मी ते पिशवीत टाकलं आणि गेले. चार शनिवारांत संपवलं, काल शेवटचं पान झालं.

पहिल्या शनिवारी मला धाकधूक होती. मीनू मिठाच्या बेटावर राहते, तिच्या आईचा आवाज अकराव्या लाटेने नेलाय, आणि तो परत आणायला ती देवघरातल्या पाटाची होडी करून निघते, एवढं वाचलं आणि मान वर करून बघितलं. नऊच्या नऊ तोंडं उघडी. मग ध्रुवने हात वर केला. ध्रुव सहा वर्षांचा आहे, पुढचे दोन दात पडलेत, आणि त्याचे प्रश्न त्या फटीतून शिट्टी वाजवत येतात. त्याने विचारलं, एवढा मोठा समुद्र भरायला किती टँकर लागले असतील? हसू नकोस. त्या पोराने अख्खा उन्हाळा पाणी टँकरमधून उतरतानाच बघितलंय, त्याच्या दृष्टीने पाण्याचा उगम तोच. मग त्याला समुद्राचं मेंटेनन्स कोण बघतं ते हवं होतं. लाटा मोटर लावून सोडतात का, आणि वीज गेली की काय होतं, तेही. पण बसमध्ये घरी येताना मला राहून राहून नवल वाटत होतं. मासिकातल्या त्या वाचकाच्या म्हणण्याप्रमाणे या पोराला काही कळायला नको होतं, आणि हा तर समुद्राच्या संसाराची चौकशी करत होता.

दुसऱ्या शनिवारी पाळण्याचं पान आलं. ‘रिकामा पाळणा हलवू नये म्हणतात, म्हणून समुद्र त्यात रोज चंद्र निजवतो.’ ही ओळ मी घरी मनात वाचली होती तेव्हा नुसती गोड वाटली होती. मोठ्याने वाचायला गेले आणि ती मला पुन्हा पहिल्यापासून वाचावी लागली. सांगलीच्या घरी तुझा पाळणा तू चालायला लागल्यावरही महिनाभर तसाच टांगलेला होता, मी येता-जाता त्याला झोका द्यायची आणि आई ओरडायची. तुला हे आठवणं शक्यच नाही. म्हणजे मीच कधीतरी तुला सांगितलं असणार, आणि तू ते एवढी वर्षं जपून ठेवलंस. बरं, मुलांपैकी कुणालाच पाळणा माहीत नाही. एक म्हणाला जत्रेतला जायंट व्हील, दुसरी म्हणाली पार्कमधला स्विंग. तेवढ्यात पवित्रा हळूच म्हणाली, तोट्टिलु. पवित्राचं घर बेळगावकडचं, आई-बाप घरात मराठी बोलतात, शाळेत ती कन्नड शिकते, आणि सतरंजीवर ती बहुतेक गप्प असते. तिने तो कन्नड शब्द उच्चारला मात्र, सगळ्यांच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. शाळेत कन्नडच्या तासाला पाळण्याचं गाणं आहे म्हणे त्यांना. मी मराठी शिकवायला जाते, आणि माझी पोरं मराठी पुस्तक कन्नडमधून समजून घेतात. आधी मला याचा रागच आला होता, खोटं कशाला सांगू.

अर्णवचं वेगळं. तो दहा वर्षांचा आहे आणि त्याला सगळं पुराव्यासकट लागतं. पाटाची होडी फिजिकली पॉसिबल नाही, असं त्याने पहिल्याच दिवशी जाहीर केलं आणि मग सगळ्यात पुढे येऊन तोच बसायला लागला. त्याने तुझी एक चूक काढलीय, ऐक. चौथ्या प्रकरणात मीनू आपला कंदील म्हाताऱ्या खेकड्याला देऊन टाकते. सहाव्या प्रकरणात तोच कंदील तिच्या हातात! मी घरी येऊन दोन्ही पानं शेजारी शेजारी धरून बघितली. पोराचं बरोबर आहे. आठ वर्षांत ते तुला दिसलं नाही, प्रकाशकाला दिसलं नाही, त्या एका वाचकाला तर नाहीच नाही, तिचं लक्ष भलतीकडेच होतं. अर्णवने बेटापासून अकराव्या लाटेपर्यंतचा नकाशा काढून फ्रिजवर लावलाय, अंतरं किलोमीटरमध्ये घातलीत. तिथे पोचायला मीनूला किती दिवस लागले ते लेखक अंकलने स्पष्ट लिहिलेलं नाही, अशी त्याची तक्रार आहे. तुला विचारायला सांगितलंय.

मलाही तुला एक विचारायचंय, पण त्याआधी थोडं मागचं. तू समुद्राचा कसा झालास, हे कोडं मला अजून सुटलेलं नाही. आपण सांगलीची माणसं. बाबा लवकर गेले, मग आई गेली, तेव्हा तू नऊ वर्षांचा आणि मी वीस. मला इथल्या कारखान्याच्या स्टोअर्समध्ये लागून जेमतेम सहा महिने झाले होते. तुला घेऊन मी क्वार्टर्समधल्या दीड खोलीत आले. दोन महिन्यांत तू खालच्या मैदानात कन्नड बोलायला लागलास, आणि तिथली पोरं मला अक्का म्हणायची म्हणून तूही ताईची अक्का करून टाकलीस. मला आलेली दोन स्थळं मी परत पाठवली, तुझं इंजिनीअरिंग होऊ दे म्हणून. ते बोलून दाखवायचं नव्हतं, आज लिहितेय. दुसऱ्या वर्षाला तू कॉलेजबरोबर कारवारला गेलास, पहिल्यांदा समुद्र बघितलास, आणि परत आल्यावर पंधरा दिवसांत टेबलावर चिठ्ठी ठेवून निघून गेलास. अक्का, मला इथे श्वास घेता येत नाही. एवढंच लिहिलं होतंस त्यात. तुझी कार्डं यायची, मी दोन वर्षं एकाही कार्डाला उत्तर दिलं नाही. मग माझ्या लग्नाला तू आलास, पंगतीत वाढलंस, भावोजींशी गट्टी जमवलीस, आणि तो विषय तूही काढला नाहीस, मीही नाही. आजतागायत नाही.

म्हणून तिसरा शनिवार मला जड गेला. दोराचं प्रकरण. मीनूची थोरली बहीण किनाऱ्यावर उभी आहे, होडीचा दोर तिने दोन्ही हातांनी धरलाय, होडी खाडीच्या बाहेर पडत नाही, आणि शेवटी मीनू शिंपल्याच्या धारेने तो दोर कापते. मी वाचत होते आणि माझं लक्ष पानावर कमी, पोरांच्या तोंडाकडे जास्त. मला जाणून घ्यायचं होतं, थोरलीबद्दल त्यांचं काय मत होतंय. अर्णवने क्षणात निकाल दिला की थोरली व्हिलन आहे. दोन-तीन माना डोलल्या. माझ्या नाकाला मिरच्या झोंबल्या. ध्रुवला मात्र ते पटलं नाही. तो म्हणाला, नाही, ती सिक्युरिटीवाली आहे, मीनूने गेटवर एन्ट्री केली नाही ना, म्हणून तिने धरलं. सगळे हसले, मीही हसले, आणि मग मला पुढे वाचवेना. घसा दुखतोय म्हणून मी लवकर उठले. पवित्रा बसथांब्यापर्यंत माझ्याबरोबर आली, तिच्या आईला तिथेच भाजी घ्यायची होती. चालता चालता ती मला म्हणाली, अज्जी, थोरलीच्या हाताला दोर कापला तेव्हा लागलं असेल, ते लिहिलंच नाही. मी त्या मुलीच्या डोक्यावर नुसता हात ठेवला.

आता कालचं सांगते. शेवटचं पान मी पवित्राला वाचायला दिलं, घसा अजून बरा नाही म्हणून. खरं तर मला ते पान तोंडाने वाचायचं नव्हतं. तू लिहिलेलं मी इथे उतरून काढते, कारण काना-मात्रा महत्त्वाचा आहे. ‘आईचा आवाज ओंजळीत घेऊन मीनू अकराव्या लाटेवर बसली. मग तिने विचारलं, दर्या, दर्या, मी थोरलीचा दोर कापला. ती रागावली असेल का रे? आता परत गेले तर चालेल का? दर्या बराच वेळ गप्प होता. मग, सरी. सरी. सरी.’ संपलं पुस्तक. मी ते आजवर पन्नासदा वाचलं असेल, आणि प्रत्येक वेळी माझ्यापुढे पावसाच्या सरी आल्या. मूल एवढं काकुळतीला येऊन विचारतंय आणि हा बाबा पावसाचं वर्णन करतोय, असंच वाटलं.

पवित्राने वाचलं ते तसं नाही रे. ती ‘दर्या बराच वेळ गप्प होता’ला थांबली. मग तिने मान जराशी कलती केली, इथली माणसं करतात तशी, आणि अगदी सावकाश, समजूत घातल्यासारखं म्हणाली, सरी. सरी. सरी. ठीक आहे. बरं. होऊ दे. ये. कन्नडमधलं सरी, शिरू! जे मी भाजीवाल्याला, रिक्षावाल्याला, शेजारणीला दिवसातून शंभर वेळा म्हणते, जे मी याच पत्रात वर सहज लिहून गेले, ते. सतरंजीवर कुणालाही काही वेगळं वाटलं नाही. ध्रुवने सुटल्यासारखा श्वास सोडला आणि म्हणाला, समुद्राने परमिशन दिली. अर्णव म्हणाला, ऑबव्हियसली, त्याने तिन्हीची उत्तरं दिली. तिन्ही कुठली? मी विचारलं. त्याने बोटांवर मोजून दाखवलं. दोर कापला, सरी. ती रागावली असेल, सरी, म्हणजे रागावली तर रागावली. परत आलीस तर, सरी. मी मास्तरीण ना, मी लगेच त्यांना समजावायला गेले की बाळांनो, मराठीत सर म्हणजे पावसाची सर, एक सर, अनेक सरी. पवित्राने पुस्तक माझ्यासमोर धरलं आणि विचारलं, मग ‘आल्या’ कुठे लिहिलंय अज्जी? ‘पडल्या’ कुठे लिहिलंय? मी बघितलं. क्रियापद नाही. पाऊस असता तर तू काहीतरी पाडलं असतंस, गणिताचा मास्तर आहेस, अर्धं वाक्य ठेवणारा नाहीस.

घरी आले ती तशीच चपला न काढता आत गेले आणि ते पान आमच्या ह्यांच्यापुढे धरलं. कल्लाप्पा भावोजी तुझे चिक्कोडीचे, दोन्ही भाषा एकाच खिशात घालून फिरणारे. चहा पीत होते. त्यांनी वाचलं आणि माझ्याकडे असे बघायला लागले की यात दाखवण्यासारखं काय आहे. म्हणाले, समुद्र सरी म्हणाला, बरोबर आहे की, मी तर पुस्तक आलं त्या दिवशीच वाचलं होतं. मग मला बोलला का नाहीत? तर म्हणाले, तू विचारलंस कुठे, तू तर रागाने फणफणत होतीस. खरं आहे ते. चांगली एकेचाळीस वर्षं मी या गावात राहते, पण पुस्तक मराठी म्हटल्यावर मी माझ्यातलं कन्नड बाहेर चपलांजवळ काढून ठेवलं आणि आत गेले. पोरांना असं काढून ठेवता येत नाही, म्हणून त्यांना बरोबर ऐकू आलं.

तर हा माझा प्रश्न, आणि याचं उत्तर मला फोनवर तीन वाक्यांत नको. ते तू मुद्दाम लिहिलंस का? की वेंगुर्ल्यात बसून खरंच पावसाच्या सरी लिहिल्यास आणि मैदानातलं कन्नड आपोआप उतरलं? दोन्हीतलं काहीही असलं तरी मला चालेल, पण मला कळलं पाहिजे. कारण मुद्दाम असेल, तर वेंगुर्ल्यापासून पुण्यापर्यंत ते कुणालाही कळणार नव्हतं, हे तुला ठाऊक होतं. भावोजी सोडले, तर तो शब्द बरोबर ऐकू शकेल असं तुझ्या ओळखीचं वाचणारं माणूस जगात एकच होतं. आणि त्या माणसाने काय केलं, ते आता लिहिते. वर मी दोनदा ‘एक वाचक’ची बाई करून गेलेय. तुला खटकलंही असेल. परत वाचताना दिसलं, खोडावंसं वाटलं, पण खोडलं नाही.

ते पत्र मी लिहिलं शिरू. पुस्तक आलं त्याच्या तिसऱ्या दिवशी, दुपारच्या जेवणानंतर, आपल्या त्या वेताच्या खुर्चीत पाय वर घेऊन. मुलांना कळणार नाही म्हणून लिहिलं, आणि मनात होतं की मला का असं किनाऱ्यावर उभं करून ठेवलंस. तुला सरळ फोन करून भांडले असते तर एका दिवसात मिटलं असतं. ते धाडस झालं नाही, म्हणून नाव न घालता मासिकाला पाठवलं. छापतील असं वाटलं नव्हतं, आणि तू ते कात्रण पाकिटात घालून फिरशील असं तर स्वप्नातही नव्हतं. तीन वेळा तू मला फोटो पाठवलास, तिन्ही वेळा मी मूग गिळून बसले. मला माफ कर, हे मी इथे स्पष्ट लिहितेय. मासिकाला दुसरं पत्र लिहून याच पाकिटाबरोबर टाकतेय, खाली पूर्ण नाव आणि पत्ता घालून. आता पंधरा तारखेला प्रती रद्दीत घालायच्या की इकडे नऊ मुलांकडे पाठवायच्या ते तू ठरव, पण ज्या एका वाचकावर विश्वास ठेवून तू वही माळ्यावर टाकलीस तिला मुलांचं काही माहीत नव्हतं, ती फक्त दुखावलेली होती, हे कळल्यावर ठरव. आणि दुसरा भाग लिहायला घेतलास तर एक ओळ दुरुस्त कर. दोराच्या प्रकरणात तू लिहिलंयस, थोरलीने दोर का धरला ते तिचं तिलाही माहीत नव्हतं. माहीत होतं रे. आई नुकतीच गेली होती, तू एवढासा होतास, आणि पोहता मलाही येत नव्हतं.

तुझीच,
अक्का